घागर कुणाची?

लंडनमधल्या साउथॉलच्या सभागृहात सत्काराला उत्तर देताना नछत्तर भैनजींनी भाषणाऐवजी टाळ्यांच्या तालावर गिद्ध्याची, म्हणजे पंजाबी बायकांच्या नाचगाण्याची, अर्धी ओळ गायली, “विहिरीवरची घागर कुणाची गं?” आणि थांबल्या. “वय झालं, विसरल्या,” कुणीतरी कुजबुजलं. गॅलरीतल्या रशपालला मात्र ठाऊक होतं. लग्नानंतर सासरच्यांनी तिला माडीवर कोंडलं होतं, तेव्हा भैनजी महिला मंडळ घेऊन दारात आल्या होत्या. “सून पंजाबला गेलीय,” सासूनं ठणकावलं. “असू दे हो, आलोच आहोत तर गाऊन जातो,” म्हणत भैनजींनी हीच अर्धी ओळ गायली. गिद्ध्यात उरलेली अर्धी ऐकणारीनं गायची असते. रशपालनं माडीवरून गायली आणि सासूला बाजूला सारून सगळ्या बायका जिना चढल्या. आज ती उभी राहून गायली, “माझी गं, माझी!” भैनजींनी हसत वर पाहिलं. “मग खाली ये ना पोरी, आज कुलूप नाही!”