एकाच नळावरचे पट्टे

आंबेनळी घाटाच्या माथ्यावर अरुंधती सगळ्यांच्या आधी पोचली. सायकलच्या मोटरने तिला अक्षरशः उचलून वर आणलं होतं.

"वहिनी, आज सुसाट!" मागून आलेला तिचा दीर जयवंत म्हणाला. "दादा मात्र खालच्या वळणावर धापा टाकतोय. म्हणे, मोटर ढिम्म हलत नाही. मला म्हणाला, तू हो पुढे."

"असं कसं होईल?"

छातीवरच्या पट्ट्यातून काळजाची धडधड वाढल्याचं कळलं, की या सायकली आपणहून जोर लावत. प्रत्येक पट्टा मोबाइल नेटवर्कवरून आपापल्या सायकलशीच जोडलेला होता. बायपासनंतर डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, विश्रामला घाट चढू दिला होता, तो त्याच भरवशावर.

कोकम सरबत पिताना तिची नजर हँडलवरच्या पडद्यावर, ठोक्यांच्या आकड्याकडे गेली. १८४. ती तर केव्हाची निवांत उभी होती.

तिने पट्टा ओढून काढला. आतल्या बाजूला मार्करने लिहिलं होतं : विश्राम.

काल दोघांचे घामट पट्टे तिनेच धुऊन लॉजच्या एका नळावर वाळत घातले होते. म्हणजे हे ठोके त्याचे. आणि तिचं निवांत काळीज घाटभर त्याच्या सायकलला सांगत राहिलं होतं, सगळं ठीक आहे.

"जयवंत, खाली चल!" ती किंचाळली आणि तिने हँडल धरलं.

आकडा शून्यावर आला होता.