लेफ्टनंट डेटलेफचं पिवळं विमान

“हा पिवळा रंग आजच्या आज गेला पाहिजे, अल्विन.”

अल्विन मिस्त्रीने तोंडातला विझलेला पाइप काढला. “लेफ्टनंटसाहेब, तुम्हीच म्हणाला होतात, असा रंग फास की लंडनच्या राजाला मोरीतून दिसला पाहिजे.”

“तेव्हा मी गाढव होतो.”

“आणि आता?”

“आता मला जगायचंय.”

पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि त्यांच्या जर्मन तुकडीने एक इंग्रज वैमानिक पाडला होता. कैदेत धाडण्याआधी, रिवाजाप्रमाणे, त्याला जेवायला बसवलं. सलगमाचं पाणचट सूप पिता पिता तो सहज बोलून गेला, “तुमच्या थव्यात सगळी राखाडी, एकच पिवळं. आमच्याकडे हुकूमच आहे. जो वेगळा दिसेल तो म्होरक्या. आधी सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. कोण हो तो?”

सगळ्यांनी सुपात डोकी घातली.

त्यानंतर डेटलेफ दोनदा वर गेला आणि दोन्ही वेळा विमानाची चाळण करून परतला. दुसऱ्या खेपेला इंजिनही बसलं. म्हणून विमान मैदानापासून दूर, झाडांपलीकडच्या गोठ्यात अल्विनकडे आलेलं. भीतीचं ढेकणासारखं असतं. एकदा गादीत शिरली की झोप गेली. डेटलेफचं सूप आता रोज अर्धंच परत जात होतं.

“कुठला रंग देऊ?” अल्विनने विचारलं.

“बाकीच्यांचा आहे तोच. राखाडी. आण, मीही हात लावतो.”

“साहेब, भित्रा म्हणतील.”

“म्हणू देत. जिवंतपणी म्हणू देत, म्हणजे झालं.”

संध्याकाळी तो जेवायला गेला, तशी कुजबुज थांबली. खोलीभर रंगाचा वास होता. आपल्याच अंगाला येतोय, या धास्तीने तो दाराशी बसला.

त्याचा जिवलग कुनो दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

“माझंच चाललं होतं ना?” डेटलेफने विचारलं.

“तुझ्याशिवाय आम्हाला दुसरा विषय आहे का, राजा?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“सकाळी मैदानावर ये,” कुनो म्हणाला, “मग बोलू.”

डेटलेफची कानशिलं तापली. म्हणजे अल्विन फुटला. उद्या चारचौघांत आपली शोभा होणार. होऊ दे. शोभेने कोणी मरत नाही. कित्येक दिवसांनी त्याने सूप संपवलं आणि आणखी मागून घेतलं.

सकाळी धुक्यातच भोंगा वाजला. इंग्रज येत होते. अल्विनने पंखा फिरवला, आणि गुळगुळीत राखाडी विमान झाडांना वळसा घालून मैदानाकडे घरंगळत निघालं. वर, ढगांच्या आत, घरघर सुरू झाली होती.

“डेटलेफ!” कुनो हात उंचावून धावत आला. “आता इंग्रजांना म्हणावं शोधा, आमच्यातला तू कुठला ते! रात्रभर—”

राखाडी विमान दिसलं आणि कुनोचे पाय जागीच रुतले.

त्याच्या मागचं धुकं वर उचललं. तुकडीची झाडून सगळी विमानं ओळीने उभी होती. पिवळीजर्द.