सुटलेली पाकिटं

खाण्याची पाकिटं बनवण्या-जाळण्यापायी देशात दरवर्षी किती धूर होतो, याचा घरातल्या थोरल्या लेकीने जीव ओतून आलेख काढला आणि सरकारला धाडला. रेघ वर्षानुवर्षं वरच चढत होती. शेवटी सरकारने ऐकलं, पाकिटबंद खाण्यावर बंदी आणली. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी अडखळत का होईना, शेजारणीला ऐकवलं, "आमच्या पोरीने सरकार हलवलं!"

मग बड्या कंपन्यांनी गळा काढला. बंदीतून चिप्स सुटले, बिस्किटं सुटली, थंड पेयं सुटली. ज्यांच्या वतीने भांडायला कुणी नव्हतं, त्या आजाऱ्यांच्या दाट जेवणाच्या सीलबंद वाट्या तेवढ्या बंदीत अडकल्या. बाबांना त्याशिवाय काही गिळता यायचं नाही. पाण्याच्या घोटानेही ठसका लागून जीव कासावीस व्हायचा.

औषधवाल्याने हात वर केले. "ताई, त्या वाट्या आता विसरा. चिप्स हवेत तर आहेत."

घरी बाबा वाटच बघत होते. "काय गं, आली का तुझी रेघ खाली?"



"आली, बाबा," ती म्हणाली आणि शेवटच्या वाटीतला शेवटचा चमचा तिने त्यांच्या तोंडाशी धरला.