बाबाच्या गाडीचा ठोका

मुलांनो, डोळे मिटा आणि जागच्या जागी लंगडणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐका: धक-धक, मग जरा थांबून धक. आमच्या अर्जेंटिनातल्या गावात हा आवाज आला की सात वर्षांची ब्रिसा फाटकाकडे धावायची, कारण तो तिच्या बाबाच्या शर्यतीच्या गाडीचा होता. या हिवाळ्यात बाबा आजारानं गेला. आता आईला तीच गाडी घेऊन रोज लांबच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, आणि गाडी दर चौकात बंद पडत होती. म्हणून ती ब्रिसाला घेऊन वर्कशॉपमध्ये आली. म्हाताऱ्या मेकॅनिकनं, ज्याला सगळे मानानं डॉन अनसेल्मो म्हणत, बाकावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनात फिरणारे उंचवट्यांचे दांडे, ठेवले. इंजिनात जाणारा भाग घरच्यानंच हातात द्यायचा, ही त्याच्या वर्कशॉपची रीत. "हे बघ पोरी, हे उंचवटे इंजिनाला श्वास घेऊ देतात. बाबाचे उंच, भरधाव पळायला. हळू चालवलं की दम अडकतो. हे दुसरे बुटके, आईसाठी." "मग आवाज?" ब्रिसानं विचारलं. "शिवणयंत्रासारखा. पाद्रीबाबा खूश होतील. तुझा बाप आला की त्यांचं चर्चमधलं प्रवचन गाडीच्या आवाजात बुडायचं!" ब्रिसा हसली नाही. "मग बाबाची गाडी कशी ऐकू येणार?" आईनं तोंड फिरवलं. "नाही येणार," म्हातारा हळूच म्हणाला. "तू देशील तोच बसवतो." ब्रिसानं बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग बुटक्या उंचवट्यांचा उचलून त्याच्या हातात दिला. आणि बाबाचा तेलकट कॅमशाफ्ट मांडीवर घेऊन ती तो तळहाताखाली हळूहळू फिरवू लागली: उंचवटा, उंचवटा, मग जरा थांबून उंचवटा.