दोन गाड्या, एक क्रमांक

वाढकक्षात त्या सकाळी रुग्णांच्याच पेशींपासून वाढवलेली एकोणीस मूत्रपिंडे तयार होती आणि ती बसवून घ्यायला वीस रुग्ण आले होते. ऋजुताने नोंदी तपासल्या. धडगावच्या रमिला पाडवी आणि जव्हारचे काशिनाथ भुसारा यांचा क्रमांक एकच होता.

डोंगरात रेंज नसते. म्हणून पेशींच्या नमुन्याचा क्रमांक गावोगावी नमुने घेणाऱ्या फिरत्या गाडीनेच, स्वतःचा आकडा आणि घड्याळातली वेळ जोडून बनवावा, असे ऋजुतानेच ठरवले होते. दुसरी गाडी घेतली तेव्हा पहिलीचे सॉफ्टवेअर तिच्यात जसेच्या तसे उतरवले गेले, आकड्यासकट. मग एकाच सेकंदाला दोन गावांत दोन नमुने घेतले गेले. केंद्रातल्या यंत्राने ते एकाच रुग्णाचे समजून एकाच भांड्यात वाढवले.

दोघे बाकावर शेजारी बसले होते.

"एक कमी पडतंय म्हणे," काशिनाथ म्हणाला. "या मावशींना द्या, ताई. मी काढीन वर्षभर."

"मोठा आला काढणारा! जिना चढताना दोनदा बसलास," रमिला म्हणाली. "ताई, पण ते आहे कोणाचं?"

"तपासणी चालू आहे," ऋजुता म्हणाली.

नवीन वाढवायला वर्ष लागते आणि डॉक्टरांनी दोघांनाही तेवढी मुदत दिली नव्हती. परक्या पेशी पाच टक्क्यांच्या वर असल्या, तर शरीर अवयव स्वीकारत नाही. त्या एका मूत्रपिंडात कोणाच्या किती पेशी आहेत, ते तिने पडद्यावर पाहिले.

रमिला पाडवी: त्रेपन्न टक्के. काशिनाथ भुसारा: सत्तेचाळीस टक्के.