वाटूरच्या कार्यक्रमाची बातमी

माझी बायको बेबीनंदा गेल्याचं गावाला कळलं, त्याच सकाळी तिनं लिहिलेली बातमी पेपरात आली: ‘वाटूरला भीमगीतांचा कार्यक्रम उत्साहात संपन्न.’ आमच्या गायन पार्टीच्या बातम्या ती कार्यक्रमाआधीच पाठवायची. उशीर झाला की पेपरवाले छापत नसत. ती गेली, म्हणून तो कार्यक्रम झालाच नव्हता. महिन्यानं ढोलकीवाला संघपाल म्हणाला, “दादा, वैनीची बातमी खोटी पडू द्यायची न्हाई. कार्यक्रम करून टाकू.” वाटूरला आमच्या पार्टीतल्या भावनानं गाणं म्हटलं, लोकांनी दोनदा वन्समोअर दिला. ती दमून बसली तशी समोरची म्हातारी ओरडली, “ऊठ बाई, पेपरात तीनदा छापलंय. एक बाकी हाय.” हसण्यात संघपालची ढोलकी चुकली आणि अख्खा मंडप उठून नाचला. बातमीनुसार शेवटी मी आभार मानले होते. माईक धरला, बेबीनंदाचं नाव घेतलं आणि माईक खाली ठेवला. आभार मानायचे राहिलेत.