मधे तोडायचं नाही

"अहो, गॅस आधी बंद करा," असं स्वतःलाच बजावत त्याने शेगडीचं बटण फिरवलं आणि थेरपिस्ट बाई खुदकन हसल्या.

"हे तुम्ही शिकवलेलं दिसतंय," त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या.

ती ओशाळली. शिकवलं तिनेच होतं. सैन्यातून नवरा परत आला तो डोक्यावर टाके आणि आत सगळा विस्कोट घेऊन. चहा कसा करायचा, बूट कुठल्या पायात घालायचा, सगळं त्या एका स्फोटात पुसलं गेलं होतं. मग इस्पितळातून या बाई घरी येऊ लागल्या. त्यांची पद्धत साधी होती. त्याला चुकू द्यायचं नाही. बरोबर वाक्य आपण म्हणायचं, त्याने मागून म्हणायचं, रोज, त्याच शब्दांत. त्याचं पाठ व्हायचं, पण सालीसकट. नवऱ्याने स्वतःलाच 'अहो' म्हणायचं, हे जगात बहुधा याच एका स्वयंपाकघरात चालत असेल.

"आणि एकदा सुरू झाला की मधे तोडायचं नाही," बाई दर वेळी बजावत. "तोडलंत की गडी पुन्हा पहिल्यापासून लागतो."

एरवी तीही हसली असती. आज तिला हसू आलं नाही. कारण त्याचं एक वाक्य ती गेले कित्येक दिवस मधेच तोडत आली होती.

सासूबाई जिन्यावरून पडून गेल्या. भर दुपारी. ती कामावर होती, धाकटा दीर औषधं आणायला गेला होता. परत येऊन बघतो तर आई खाली, आणि दादा वरच्या पायरीवर मुकाट बसलेला. पाय घसरला असेल, असं सगळेच म्हणाले. तिनेही तेच म्हटलं आणि डोळे पुसून कामाला लागली.

पुढे एका संध्याकाळी ती दारातून आत येत होती. नवरा समोर आला आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात म्हणाला, "आईला मी ढकललं."

तिने पर्स टाकून त्याच्या तोंडावर हात दाबला.

नंतर हे रोजचंच झालं. ती घरात पाऊल टाकायची, तो तोंड उघडायचा आणि तिचा हात जायचा. वाक्य तुटलं की तो पुन्हा पहिल्यापासून लागायचा, मग ती रेडिओ मोठा करायची. बाईंच्या कानावर हे गेलं तर काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला बंद वॉर्डात नेलं असतं, जिथली दारं फक्त बाहेरून उघडतात. तिथून कुणी घरी आल्याचं तिने ऐकलं नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली. पण ज्या हातांनी एकेकाळी तिला हसत उचलून घेतलं होतं, त्याच हातांवर आता तिची नजर असायची. झोपताना त्याच्याकडे पाठ करायचा धीर होत नव्हता. आपल्याच माणसाची अशी भीती वाटावी, याची तिला लाज वाटायची, आणि भीती काही जात नव्हती.

आधार होता तो दिराचा. पूर्वी हाच दीर दादाला कुठल्यातरी केंद्रात ठेवा म्हणून आईशी कडाकडा भांडायचा, आणि आई म्हणायची, मी असेपर्यंत तो या घरातून हलणार नाही. आई गेली आणि दीर पार बदलला. दुपारची शिकवणी त्याने आपणहून घेतली. रोज दादासमोर बसून तेच तेच घोकून घ्यायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. ती तर त्याला देवमाणूस म्हणायची.

परवा त्यानेच विषय काढला होता. "वहिनी, मीपण ऐकलंय तो काय बोलतो ते. किती दिवस झाकून ठेवणार? उद्या तुमच्यावर वेळ आली म्हणजे?"

आज बाईंचा शेवटचा निकाल होता, घर की वॉर्ड. चहा होताच त्यांनी चष्मा काढला. "माझ्या मते हा घरीच राहील. छान प्रगती आहे."

दिराने तिच्याकडे पाहिलं. ती बाईंकडे वळली.

"बाई, हे म्हणतात... सासूबाईंना यांनी ढकललं."

बाईंनी कप खाली ठेवला. नवरा मात्र मजेत बिस्कीट खात होता.

"त्यालाच विचारू," बाई म्हणाल्या.

"कशाला त्याच्या डोक्याला ताप?" दीर म्हणाला. "वहिनींनी ऐकलंय, मी ऐकलंय. अजून काय पाहिजे?"

"मी नाही ऐकलेलं. आणि या वेळी कुणी मधे बोलायचं नाही."

त्यांनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. "आई कशी गेली, सांगाल?"

तो उठला. बिस्किटाचा चुरा झटकून ताठ उभा राहिला. तिचा हात सवयीने वर गेला, तो तिने दुसऱ्या हाताने मांडीत दाबून धरला. तो जाईल, आज संध्याकाळीच नेतील, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू आलं.

"आईला मी ढकललं," तो म्हणाला. "आई वरच्या पायरीवर होती. घरात दुसरं कुणीच नव्हतं."

त्याने श्वास घेतला. तिला वाटलं, संपलं.

"हां, असं," तो त्याच आवाजात पुढे म्हणाला. "आता वहिनी दारातून आत आल्या की पुन्हा म्हण, दादा."